मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म कसे शोधावेत: १,२३,४५,६७८ या संख्येवरचे संपूर्ण काम

एखादी आठ-नऊ अंकी संख्या समोर ठेवून तिला विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ती कोणत्या संख्येने गुणली असता पूर्ण वर्ग होईल, असे प्रश्न विचारले की बहुतेक विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे शोधू लागतात आणि तिथेच चुकतात. यांपैकी जवळजवळ प्रत्येक उत्तर त्या संख्येच्या मूळ अवयवांतून निघते. त्यामुळे मूळ अवयव पूर्ण मिळाले आहेत याची खात्री झाल्याशिवाय पुढचे काहीही सुरू करू नये. खालील सर्व काम १,२३,४५,६७८ या एकाच संख्येवर केले आहे. वाचकाने कागद घेऊन प्रत्येक भागाकार स्वतः करून पाहावा, कारण नुसते वाचून ही पद्धत हाती येत नाही.

## पूर्वतयारी

सुरुवात करण्यापूर्वी तीन गोष्टी जवळ असाव्यात. पहिली म्हणजे १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्यांची यादी आणि तिच्यापुढे १०१, १०३, १०७, १०९, ११३, १२७ अशी थोडी वाढ. या यादीत ५१, ५७, ८७ आणि ९१ या संख्या चुकून शिरतात. त्या अनुक्रमे ३ × १७, ३ × १९, ३ × २९ आणि ७ × १३ आहेत, म्हणून यादी आधी तपासावी. दुसरी गोष्ट म्हणजे दोन रकान्यांचा कागद: डावीकडे भाजक, उजवीकडे बाकी. बाकी शून्य नसली तरीही ती लिहायचीच, कारण नुसते "भाग जात नाही" असे लिहिले की चूक नेमकी कुठे झाली हे नंतर शोधता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कच्च्या कामासाठी वेगळी जागा. भागाकार आणि नोंद एकाच ठिकाणी केल्यास आठ अंकांची संख्या उतरवताना एखादा अंक हमखास इकडचा तिकडे होतो.

## टप्पा १: संख्येच्या नुसत्या रूपावरून कळते ते नोंदवा

एकही भागाकार न करता काही गोष्टी कळतात. शेवटचा अंक ८ आहे, म्हणून संख्या सम आहे. कोणत्याही पूर्ण वर्गाच्या एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ येत नाही, म्हणून ही संख्या पूर्ण वर्ग नाही. शेवटचे दोन अंक ७८ असून त्यांना ४ ने भाग जात नाही, म्हणून संख्येलाही ४ ने भाग जात नाही. म्हणजे २ हा अवयव एकदाच येणार. अंकांची बेरीज १ + २ + ३ + ४ + ५ + ६ + ७ + ८ = ३६ आहे, म्हणून ९ ने भाग जातो.

सावधान: अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ यांच्यापुढे चालत नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण १८९९ ला २७ ने भागले असता ९ बाकी उरते. उलट २७ या संख्येच्या अंकांची बेरीज ९ आहे, तरी २७ ला २७ ने भाग जातोच.

## टप्पा २: लहान अवयव पूर्णपणे काढून टाका

२ ने भागा: ६१,७२,८३९. ३ ने भागा: २०,५७,६१३. पुन्हा ३ ने भागा: ६,८५,८७१. आता थांबून उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज करा. ६ + ८ + ५ + ८ + ७ + १ = ३५ येते आणि तिला ३ ने भाग जात नाही, म्हणजे ३ हा अवयव नेमका दोनदा आहे. प्रत्येक यशस्वी भागाकारानंतर तोच भाजक पुन्हा लावून पाहणे हा नियम इथे सोपा वाटतो, पण भाजक मोठा असला की तो विसरला जातो. ९८,७६,५४,३२१ ला ९ ने भागल्यावर १०,९७,३९,३६९ उरते. तिला १७ ने भाग जातो आणि ६४,५५,२५७ येते. बरेच जण इथून थेट १९ कडे वळतात. ६४,५५,२५७ लाही १७ ने भाग जातो आणि ३,७९,७२१ उरते, हे त्यांच्या हातून निसटते.

ताळा: १,२३,४५,६७८ = १८ × ६,८५,८७१ हे तपासायचे आहे. नऊचा ताळा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या अंकांची बेरीज करून तिची ९ ने बाकी जुळते का ते पाहणे, इथे निरुपयोगी आहे. १८ ला स्वतःलाच ९ ने भाग जातो, म्हणून दुसरा अवयव कितीही चुकला तरी उजवी बाजू शून्यच येणार आणि ताळा जुळल्याचा भास होणार. ही चूक फार वेळा होते, म्हणून अशा ठिकाणी अकराचा ताळा घ्यावा. एककापासून सुरू करून अंक आळीपाळीने मिळवावेत आणि वजा करावेत. उत्तराची ११ ने बाकी तीच संख्येची बाकी. ८ − ७ + ६ − ५ + ४ − ३ + २ − १ = ४. १८ ची ११ ने बाकी ७. ६,८५,८७१ साठी १ − ७ + ८ − ५ + ८ − ६ = −१, म्हणजे बाकी १०. आता ७ × १० = ७० आणि ७० ची बाकी ४. जुळले.

## टप्पा ३: कुठपर्यंत भागायचे ते ठरवा

एखादी संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असतो, कारण दोन्ही अवयव वर्गमूळाहून मोठे असते तर त्यांचा गुणाकार संख्येच्याही पुढे गेला असता. मर्यादा यावरून ठरते.

सुरुवातीच्या १,२३,४५,६७८ या संख्येसाठी ती मर्यादा ३५१३ होती (३५१३ चा वर्ग १,२३,४१,१६९ आणि ३५१४ चा वर्ग १,२३,४८,१९६). पण आता आपण ६,८५,८७१ वर काम करतो आहोत. ८२८ चा वर्ग ६,८५,५८४ आणि ८२९ चा वर्ग ६,८७,२४१, म्हणून नवी मर्यादा ८२८ झाली. अवयव सापडला की मर्यादा नव्याने काढायची, हे या संपूर्ण कामातले सर्वांत वेळ वाचवणारे पाऊल आहे, आणि विद्यार्थी तेच सर्वाधिक वेळा गाळतात.

## टप्पा ४: क्रमाने भागत जा

५ ने भाग जात नाही हे शेवटच्या अंकावरून दिसते. ७, ११ आणि १३ यांच्यासाठी तीन भागाकार करण्याची गरज नाही, कारण ७ × ११ × १३ = १००१. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत आणि ते आळीपाळीने मिळवावेत व वजा करावेत. ८७१ − ६८५ = १८६. आता १८६ ची ७ ने बाकी ४, ११ ने बाकी १०, १३ ने बाकी ४. तिन्ही एका दमात निकाली निघाले. ११ ची बाकी वरच्या ताळ्यातल्या १० शी जुळते, हेही पाहून घ्यावे.

सावधान: आपण स्वल्पविराम ६,८५,८७१ असा देतो आणि गट पाडताना डोळा त्या स्वल्पविरामांकडेच जातो. ८७१ − ८५ + ६ असे काही केले तर उत्तर पूर्ण चुकते. या कसोटीसाठी स्वल्पविराम खोडून ६८५|८७१ अशी रेघ मारावी.

पुढचे भाजक आणि बाक्या अशा येतात:

१७: बाकी ६ (१७ × ४०,३४५ = ६,८५,८६५)
१९: बाकी ९ (१९ × ३६,०९८ = ६,८५,८६२)
२३: बाकी ११ (२३ × २९,८२० = ६,८५,८६०)
२९: बाकी २१ (२९ × २३,६५० = ६,८५,८५०)
३१: बाकी २७ (३१ × २२,१२४ = ६,८५,८४४)
३७: बाकी २ (३७ × १८,५३७ = ६,८५,८६९)
४१: बाकी २३ (४१ × १६,७२८ = ६,८५,८४८)
४३: बाकी २१ (४३ × १५,९५० = ६,८५,८५०)
४७: बाकी ० (४७ × १४,५९३ = ६,८५,८७१)

३७ साठीही एक सोय आहे. ३७ × २७ = ९९९ असल्यामुळे तीन-तीन अंकांचे गट नुसते मिळवले तरी चालतात. ६८५ + ८७१ = १५५६, पुन्हा १ + ५५६ = ५५७, आणि ५५७ − ५५५ = २. वरची बाकी बरोबर आहे.

ताळा: इथे नऊचा ताळा चालतो, कारण कोणत्याच अवयवाला ९ ने भाग जात नाही. ४७ → ११ → २, १४,५९३ → २२ → ४, आणि २ × ४ = ८. ६,८५,८७१ → ३५ → ८. जुळले. तरी हा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही: ६,८५,८७१ ऐवजी ६,५८,८७१ उतरवले असते तरी अंकांची बेरीज ३५ च राहिली असती. म्हणून अकराचा ताळाही घ्यावा. ४७ ची बाकी ३. १४,५९३ साठी ३ − ९ + ५ − ४ + १ = −४, म्हणजे बाकी ७. ३ × ७ = २१, आणि २१ ची बाकी १०.

## टप्पा ५: उरलेली संख्या मूळ आहे हे सिद्ध करा

१४,५९३ ही संख्या "मूळ दिसते" एवढ्यावर सोडून देणे ही या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महागडी चूक आहे, कारण ती जर संयुक्त निघाली तर पुढचे प्रत्येक उत्तर चुकीचे ठरते आणि ते चुकले आहे हे कशावरूनही कळत नाही.

मर्यादा पुन्हा काढा. १२० चा वर्ग १४,४०० आणि १२१ चा वर्ग १४,६४१, म्हणून १२० पर्यंतच्या मूळ संख्या पुरेत. त्यातही ४३ पर्यंतच्या सोडून द्याव्यात, कारण त्यांपैकी एकीनेही १४,५९३ ला भाग गेला असता तर ६,८५,८७१ लाही गेला असता. ४७ मात्र सोडू नये. तो दुसऱ्यांदा येऊ शकतो. अशा रीतीने १६ भाजक उरतात. मर्यादा नव्याने काढली नसती, तर ८२८ पर्यंतच्या १४४ मूळ संख्यांपैकी उरलेल्या सगळ्यांशी झटापट करावी लागली असती.

भाजक आणि बाकी: ४७ → २३, ५३ → १८, ५९ → २०, ६१ → १४, ६७ → ५४, ७१ → ३८, ७३ → ६६, ७९ → ५७, ८३ → ६८, ८९ → ८६, ९७ → ४३, १०१ → ४९, १०३ → ७०, १०७ → ४१, १०९ → ९६, ११३ → १६.

एकही बाकी शून्य नाही, म्हणून १४,५९३ ही मूळ संख्या आहे आणि अवयव पूर्ण झाले:

१,२३,४५,६७८ = २ × ३ × ३ × ४७ × १४,५९३

सावधान: भागाकार टाळण्यासाठी काही जण फर्माची कसोटी लावतात, म्हणजे २ चा (संख्या − १) एवढा घात घेऊन त्या संख्येने भागतात आणि बाकी १ आली की संख्या मूळ ठरवतात. बाकी १ आली नाही तर विषम संख्या संयुक्त आहे हे नक्की, पण बाकी १ आल्याने ती मूळ ठरत नाही. ३४१ = ११ × ३१ ही संयुक्त संख्या या कसोटीत पार होते.

## टप्पा ६: विभाजक मोजा आणि त्यांची यादी करा

घातांक अनुक्रमे १, २, १, १ आहेत. प्रत्येकात एक मिळवून गुणाकार करावा: २ × ३ × २ × २ = २४. घातांकांचाच गुणाकार करून २ हे उत्तर लिहिणे आणि ३ दोनदा येतो हे विसरून १६ लिहिणे, या दोन चुका ठरलेल्या आहेत.

यादी करताना १, २, ३, ४ असे चढत जाऊ नये. १८ चे सहा विभाजक १, २, ३, ६, ९, १८ आधी लिहावेत आणि ती ओळ पुढच्या अवयवांनी गुणत जावी:

४७ ने: ४७, ९४, १४१, २८२, ४२३, ८४६
१४,५९३ ने: १४,५९३, २९,१८६, ४३,७७९, ८७,५५८, १,३१,३३७, २,६२,६७४
६,८५,८७१ ने: ६,८५,८७१, १३,७१,७४२, २०,५७,६१३, ४१,१५,२२६, ६१,७२,८३९, १,२३,४५,६७८

चार ओळी, प्रत्येकीत सहा, एकूण २४.

## टप्पा ७: विभाजकांची बेरीज

प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या सर्वोच्च घातापर्यंतची बेरीज घेऊन त्या बेरजांचा गुणाकार करावा: (१ + २) × (१ + ३ + ९) × (१ + ४७) × (१ + १४,५९३) = ३ × १३ × ४८ × १४,५९४ = २,७३,१९,९६८. दुसऱ्या कंसात मधला ३ विसरून १० लिहिण्याची चूक सर्रास आढळते.

ताळा: वरच्या चार ओळींच्या बेरजा ३९, १,८३३, ५,६९,१२७ आणि २,६७,४८,९६९ आहेत. त्यांची एकूण बेरीज २,७३,१९,९६८ येते. सूत्राने आणि यादीने, दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की मगच ते पक्के समजावे.

संख्या स्वतः वगळली तर उरलेल्या विभाजकांची बेरीज १,४९,७४,२९० होते. ती संख्येहून २६,२८,६१२ ने जास्त आहे, म्हणून ही संख्या परिपूर्ण (अशी बेरीज संख्येइतकीच असलेली) नाही, विपुल (बेरीज संख्येहून जास्त असलेली) आहे. ही तुलना करण्यापूर्वी संख्या स्वतः वगळली आहे ना, हे पाहावे. ती न वगळता केलेल्या तुलनेत १ हून मोठी कोणतीही संख्या विपुलच ठरते.

## टप्पा ८: संख्येशी सहमूळ असलेल्या लहान संख्या

१ पासून या संख्येपर्यंत किती संख्यांचा तिच्याशी १ शिवाय सामाईक विभाजक नाही, हे ऑयलरच्या फलनाने मिळते. २ साठी १, ९ साठी ६, ४७ साठी ४६ आणि १४,५९३ साठी १४,५९२ असे गुणक घ्यावेत: ६ × ४६ × १४,५९२ = ४०,२७,३९२. ९ साठीचा गुणक ३ × (३ − १) = ६ असा येतो; (३ − १) दोनदा घेऊन ४ किंवा ९ − १ करून ८ लिहिणे चूक आहे.

ताळा: संख्येवरून पायरीपायरीने उतरावे. निम्मे ६१,७२,८३९; त्याचे दोन तृतीयांश ४१,१५,२२६; त्याला ४७ ने भागून ४६ ने गुणल्यास ४०,२७,६६८; त्याला १४,५९३ ने भागल्यास २७६; आणि २७६ × १४,५९२ = ४०,२७,३९२. मधला कोणताही एक भागाकार निःशेष झाला नाही, तर अवयवांतच चूक आहे असे समजून टप्पा २ कडे परतावे.

## टप्पा ९: वर्गांविषयीचे प्रश्न आणि द्विमान रूप

कोणत्या लहानात लहान संख्येने गुणले असता पूर्ण वर्ग मिळेल? विषम घातांक असलेले अवयव २, ४७ आणि १४,५९३ आहेत. त्यांचा गुणाकार १३,७१,७४२ हे उत्तर, आणि मिळणाऱ्या वर्गाचे वर्गमूळ ४१,१५,२२६. ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का? ४ ने भागल्यावर ३ बाकी देणारा मूळ अवयव विषम घातात असेल तर ते शक्य नसते. ४७ तसा आहे, म्हणून उत्तर नाही. ३ देखील तशीच बाकी देतो, पण त्याचा घातांक सम असल्यामुळे त्याची अडचण होत नाही. या फरकाकडे दुर्लक्ष होते. ताळ्यासाठी शेवटचे तीन अंक ६७८ यांची ८ ने बाकी काढावी. ती ६ येते आणि दोन वर्गांच्या बेरजेची ८ ने बाकी ६ कधीच येत नाही.

द्विमान रूपासाठी, म्हणजे संख्या फक्त ० आणि १ या अंकांनी लिहिण्यासाठी, सतत २ ने भागून बाक्या खालून वर लिहाव्यात. वरून खाली लिहिल्यास संख्या उलटी होते. उत्तर १०११ ११०० ०११० ०००१ ०१०० १११० असे येते. ते २४ अंकी असलेच पाहिजे, कारण २ चा २३ वा घात ८३,८८,६०८ आणि २४ वा घात १,६७,७७,२१६ यांच्या मध्ये आपली संख्या आहे. शेवट १० ने होतो, म्हणजे २ ने भाग जातो आणि ४ ने जात नाही, हे टप्पा १ शी जुळते.

## कॅल्क्युलेटर आणि संगणक वापरताना

आठ अंकी साध्या कॅल्क्युलेटरवर ही संख्या जेमतेम मावते. त्यावर बाकी काढताना दशांशाच्या पुढचा भाग भाजकाने गुणू नये: ६,८५,८७१ ÷ ४३ = १५९५०.४८८ दिसते, पण ०.४८८ × ४३ = २०.९८४ येते. त्याऐवजी १५,९५० × ४३ करून वजाबाकी करावी म्हणजे २१ नेमके मिळतात. एक्सेल १५ सार्थ अंकांपर्यंतच संख्या जपते, त्यामुळे १६ अंकी संख्या टाकल्यास तिचा शेवटचा अंक मुकाट्याने ० होतो, आणि मग विषम संख्याही सम ठरते. पायथॉनमध्ये पूर्ण संख्या कितीही मोठी चालते, पण भागाकारासाठी / वापरले की उत्तर दशांश प्रकारात जाते आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे त्यावर विसंबता येत नाही. तिथे भागाकारासाठी // आणि बाकीसाठी % वापरावे, आणि भाजक × भागाकार + बाकी हे भागलेल्या संख्येइतके येते का, हे त्याच प्रोग्रामकडून प्रत्येक वेळी तपासून घ्यावे.